लोखंडी गड्याचा गुडघा

सुमन जाधव कोणाच्याही आधी पायांकडे बघायची. कंपनीत नवा साहेब आला, कॅन्टीनला नवीन वाढपी लागला, की आम्ही बाकीच्या जणी चेहरा, कपडे, फार तर आवाज यांवर बोलत असू. सुमन म्हणायची, "डावा पाय टाकताना आत वळतो त्याचा." मग त्या माणसाला पाहिलं की आपलीही नजर खाली जायची आणि खरंच तो पाय आत वळत असायचा. तिची ही खोड मला सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती. माझ्या चालीबद्दल ती काय म्हणाली होती ते मी इथे लिहिणार नाही.

तिचा स्वतःचा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. त्यावर मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर असायचा. दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी दोन्हीकडे एकेक कडी. उभं राहून पाय ताठ केला की कड्या घसरून खाली यायच्या आणि गुडघा बंद व्हायचा. बसायचं असेल तर साडीवरूनच त्या चाचपून वर ओढाव्या लागत. एखादी अडकली की पाय तसाच ताठ पुढे राहायचा. कंपनीच्या बसमध्ये तो मधल्या वाटेत यायचा आणि रोज कोणीतरी अडखळायचं. अडखळणारा ओशाळून "सॉरी" म्हणाला की सुमन म्हणायची, "लोखंडाला कशाला सॉरी? तुमालाच लागलं आसंल."

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कुंभिवलीला हायवेच्या कडेला आमची कंपनी होती. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे. मी कर्जत बाजारपेठेतून जायची, सुमन भिसेगावहून. दोघी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. आता तो धंदाच राहिला नाही म्हणून सांगते. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने कागदावर ड्रॉइंग काढायचा. आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईने त्याच रेघा पुन्हा ओढायच्या, आणि त्यावरून मग छाप निघायचे. आपलं काही घालायचं नाही, त्याचं काही सोडायचं नाही. चुकलं तर ब्लेडने हलकं खरवडायचं. सुमन फार क्वचित खरवडायची. शाईत पेन बुडवायच्या आधी ती प्रत्येक रेघेवरून कोरडं बोट फिरवून घ्यायची आणि तेव्हा तिचे ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, काय पुटपुटतेस? म्हणाली, "शिव्या. ज्यानं काडलंय त्याला."

ड्राफ्ट्समन कोण ते ती नाव न वाचता ओळखायची. एकाची रेघ कोपऱ्यात येऊन दचकते, दुसरा वर्तुळाला घाबरतो, असं तिचं म्हणणं. त्यात सगळंच खरं होतं असं नाही. पण ती इतक्या ठामपणे बोलायची की आपण विचारात पडायचो.

तिच्या घरी मी पुष्कळदा जायची. विहाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात अबोलीचं झाड. वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. आई अनसूयाबाई दुसऱ्यांच्या शेतावर जायच्या. कॅलिपर मिळेपर्यंत त्या सुमनला कडेवर घेऊन शाळेत बसवायच्या आणि मग कामाला जायच्या. चौथीतली मुलगी आईच्या कडेवर. पोरं हसायची. सुमन म्हणायची, "मला कडेवरची लाज नाय वाटायची गं, आयेला धाप लागायची त्याची वाटायची." पुढे ती आयटीआयला गेली, ट्रेसिंग शिकली आणि घरातली पहिली टेबलाशी बसून काम करणारी झाली. त्या टेबलाला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. मी एकदा तिथे डबा ठेवला तर दिवसभर बोलली नाही.

त्या वर्षी कंपनीने जपानहून प्रेसची यंत्रं आणली आणि त्यांच्याबरोबर ती बसवून द्यायला सातोसाहेब आले. किडकिडीत, चाळिशीचे. कॅन्टीनचं तिखट त्यांना सोसत नसे, म्हणून बिचारे रोज दहीभात खायचे. येताना त्यांनी स्वतःचा टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता, कारण जपानच्या कॅसेटी आपल्याकडच्या टीव्हीवर चालत नाहीत. त्यांच्या लहान मुलाने बापाला करमावं म्हणून आपल्या आवडीची कार्टूनं भरून दिली होती. गेस्ट हाऊसच्या विजेचा भरवसा नव्हता. कंपनीला जनरेटर होता. म्हणून साहेबांनी ते सगळं सामान कॅन्टीनशेजारच्या क्लबरूममध्ये आणून ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत एकटेच बघत बसायला लागले.

पहिले दोन दिवस सगळी कंपनी तिथे गोळा झाली. मग लोक पुन्हा कॅरमकडे वळले. प्रत्येक कॅसेटमध्ये तेच, डोंगराएवढी लोखंडी माणसं आणि त्यांची मारामारी. भाषा कळत नाही, गाणं नाही, बाई नाही. एवढा मोठा इंजिनिअर पोरांची चित्रं बघतो म्हणून पाठीमागे थट्टा चालायची. सुमन मात्र डबा घेऊन सातोसाहेबांच्या शेजारी जाऊन बसली ती कायमची. मी तिच्यासोबत म्हणून बसायची.

त्या लोखंडी माणसांना ती गडी म्हणायची. त्यांची नावं आम्हाला कळत नव्हती, मग तिनेच ठेवली. पहिला काळा गडी. त्याचा मालक छोट्या विमानात बसून यायचा आणि विमानासकट त्याच्या डोक्यात उतरायचा. काळा गडी हाताची मूठ बंदुकीच्या गोळीसारखी सोडायचा. सगळे त्याची मूठ बघायचे. सुमन म्हणाली, "पाय बघ. पान्याचे पाइप हायेत नुसते. गुडघाच नाय. हा चालत नाय, ह्याला कुनीतरी मागनं ढकलतंय."

दुसऱ्यात तीन विमानं हवेत एकमेकांवर आदळून एक गडी व्हायचा. ती वेगळ्या क्रमाने आदळली की वेगळाच गडी. पत्रा कणकेसारखा पसरायचा. ह्याचा सुमनला मनापासून राग यायचा. दिवसभर पत्रा कुठे वळतो, कुठे फाटतो याच्या रेघा ओढणारी बाई ती. "एवडा पत्रा गेला कुटं? घडी दाखवा की घडी!" असं ती टीव्हीला म्हणायची. सातोसाहेबांना शब्द कळत नव्हते पण राग कळायचा, आणि ते खुशीत हसायचे.

तिसरा पांढरा. कपाळावर दोन शिंगं. हा आला तेव्हा सुमनने डबा बाजूला ठेवला. हा गडी मार खाल्ला की मोडायचा. त्याच्या गोळ्या संपायच्या. मग त्याला गोदामात उभा करून माणसं शिड्या लावून, पाने घेऊन त्याच्यावर चढायची आणि दुरुस्त करायची. मारामारी आली की सुमन माझ्याशी गप्पा मारायची आणि शिड्या आल्या की मला गप्प करायची. चौथा विमानाचा. उडता उडता विमान पाय काढायचं आणि माणूस होऊन उभं राहायचं. ह्याची घडी खोटी असणार म्हणून तिने पुठ्ठा कापून, टाचण्या लावून ती करून बघितली. घडी बसली. त्या दिवशी ती बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा तो पुठ्ठा उघडून-मिटून दाखवत होती.

आणि पाचवा, हिरवा ठेंगणा. त्याला चेहराच नव्हता, नुसत्या तीन काचा. नाव नाही, शिंगं नाहीत, रुबाब नाही. एक मोडला की मालक त्याला रस्त्यात टाकून दुसऱ्यात बसायचा. पण हा गडी बसायचा. मालकाला उतरायचं असलं की त्याचे पाय गुडघ्यात दुमडायचे, पोट जमिनीला टेकायचं, आणि मालक खाटेवरून उतरावं तसा उतरायचा. सुमनने ते दृश्य सातोसाहेबांना परत लावायला लावलं. मग परत. "ह्यांच्यात एवडाच शहाना," ती म्हणाली. "बाकीचे नुसते उभे राहून मिरवतात."

मग तिने गड्यांची खानदानं लावायला सुरुवात केली. सातोसाहेबांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर जुन्या जपानी योद्ध्याचं चित्र होतं, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण. ते त्यांनी आणून दाखवल्यावर सुमन म्हणाली, म्हणजे सगळ्यांची कपाळं ह्या एकाच घरची. पांढरा आणि हिरवा ठेंगणा हे दोघे दिसायला उत्तर-दक्षिण, पण एकाच माणसाने काढलेत असं तिने छातीठोकपणे सांगितलं. घोट्याची रेघ बघा म्हणाली. सातोसाहेबांनी खांदे उडवले. त्यांना ठाऊक नव्हतं, मला तर आजही नाही.

एकदा मात्र ती सपशेल आपटली. गुडघ्यांवरून तिने कॅसेटींचा क्रम लावला होता. ज्याला गुडघा नाही तो जुना, ज्याला आहे तो नवा. सातोसाहेबांनी त्यातली एक पाइपवाल्या गड्याची कॅसेट उचलून मानेनेच नाही म्हटलं. ही अगदी नवी. लहान पोरांची खेळणी विकायला सोपी जावीत म्हणून पाय पुन्हा साधे केले. मी माझ्या मोडक्या इंग्रजीतून समजून घेऊन तिला ते सांगितलं. तिला हे पटेना. दोन दिवस ती घुश्शात होती. "एकदा गुडघा गावल्यावर मागं कशाला गेले?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायची.

सातोसाहेबांनी तिला एकदा समजावूनही सांगितलं होतं. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "सुमन-सान, ही चित्रं. ह्यांच्यावर लोड नाही, वजनाचा भार नाही." मी मराठीत सांगितल्यावर सुमन म्हणाली, "सांग त्यास्नी, आपली ड्रॉइंगंबी चित्रंच असतात." साहेब हसले आणि त्यांनी तिला मान लवून नमस्कार केला. जाताना ते टीव्ही, व्हिडिओ आणि कॅसेटी क्लबरूमला ठेवून गेले.

ते गेले आणि पावसाळ्याच्या शेवटी कंपनीत नोटीस लागली. खालच्या जागेत स्टोअर वाढवायचं आहे, ड्रॉइंग ऑफिस दिवाळीनंतर नव्या शेडच्या वरच्या मजल्यावर जाईल. वर जायला लोखंडी जिना होता, अरुंद पायऱ्यांचा, चढ असा की धडधाकट माणसानेही दम घ्यावा. कठडा एकाच बाजूला. मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. त्यांनी सुमनला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुला पॅकिंगला घेऊ. बसून काम, खालीच. तुझ्याच सोयीचं." पॅकिंगला बायका खोक्यांत भाग भरून वर कागद चिकटवायच्या.

सुमन खाली मान घालून ऐकून आली आणि टेबलापाशी बसली. कड्या वर ओढायला विसरली होती, पाय तसाच ताठ. म्हणाली, "मालू, माजी आये मला कडेवर घेऊन फिरली ती खोकी भरायला नाय." मग म्हणाली, "हे टेबल गेलं तर मी परत जाधवांची लंगडी." तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता.

तिने जिना चढून पाहिला. ताठ पाय घेऊन आडवं चढायचं, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी. मागे माणसं खोळंबली. मॅनेजरसाहेबांनी ते खालून पाहिलं आणि म्हणाले, "छे छे, पडलीबिडलीस तर जबाबदारी कोणाची?" चढताना गुडघा दुमडला असता तर सगळंच सोपं होतं. नेमकी तीच गोष्ट तिच्या कॅलिपरला येत नव्हती. पाय एकतर पुरता बंद, नाहीतर पुरता मोकळा.

पुढचे काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत क्लबरूममध्ये आम्ही दोघीच असायचो. सुमन हिरव्या ठेंगण्याची कॅसेट लावायची, तो बसायला लागला की बटण दाबून चित्र थांबवायची, आणि टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर ठेवायची. कागद काचेला आपोआप चिकटायचा. थांबवलेलं चित्र थरथरत असायचं, मधून एक पांढरा पट्टा जायचा. त्या थरथरीतून ती रेघ पकडायची. उभा गडी, अर्धा वाकलेला गडी, बसलेला गडी. पेन्सिल दातात धरून ती दोन कागद एकमेकांवर ठेवायची आणि सांधा कुठे फिरला ते शोधायची. तिला इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर प्रश्नच नाही.

टूलरूममध्ये तुकाराम म्हणून फिटर होता. खालापूरकडच्या एका खेड्यातला, घरी भातशेती, बोलणं कमी. सुमनने त्याला ड्रॉइंग दाखवलं. त्याने ते उलटं-सुलटं करून पाहिलं. "सुमनताय, हे कुटं पायलं?"

"टीव्हीत."

"टीव्हीतलं आनि तुमच्या पायाला?"

"पायच हाय ना तोबी."

तुकाराम हसला नाही. त्याने भंगारातून स्प्रिंग काढली, पट्ट्या कापल्या, आणि तिच्या ड्रॉइंगप्रमाणे काम असं बसवलं की बुटाच्या टाचेतून एक सळई वर गुडघ्यापर्यंत जायची. टाच जमिनीवर दाबली गेली की सळई वर सरकून गुडघा बंद करायची. पाय उचलला की गुडघा आपोआप मोकळा. दोन बाजूंच्या जुन्या कड्याही त्याने ठेवल्या, पण आता त्या आपोआप न घसरता हाताने लावायच्या. "ह्या काडू नका," त्याने दोनदा बजावलं.

आणि ते चाललं. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुमन सगळ्यांच्या देखत तो जिना चढली. चांगला पाय वर, मग दुसरा दुमडून उचलला, टाचेसकट पायरीवर टेकला, खट्ट. समोर तोंड करून, बाकीच्या बायका चढतात तशी. मॅनेजरसाहेब खालून बघत होते. म्हणाले, "ठीक आहे, बघू या." वर खिडकीशी तिचं टेबल लागलं. वर पत्रा भयंकर तापायचा, दुपारी शाई पेनातच वाळायची, पण सुमनने कधी पंख्याचीही तक्रार केली नाही. उतरताना ती मुकाट्याने जुन्या कड्या लावायची आणि आडवी होऊन, सावकाश उतरायची.

असं दोन-अडीच महिने. मग तो दिवस. तिला कोणी घाई केली, धक्का लागला, असं काही मी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली, जिना मोकळा होता, आणि तुकाराम कसल्याशा कामाने शेडमध्ये आला होता. त्याला बघून तिच्या मनाने घेतलं. वरूनच म्हणाली, "दादा, बघा हां." मी तिच्या मागे होते. तिने कड्या लावल्या नाहीत. समोर तोंड करून तिने लोखंडी पाय खालच्या पायरीवर टाकला.

अरुंद पायरीवर उतरताना माणसाचा आधी चवडा टेकतो. टाच मागे अधांतरी राहते. टाच दाबली गेली नाही, सळई सरकली नाही, गुडघा उघडाच राहिला. हिरव्या ठेंगण्याचे पाय ट्रंकेसारखे चौकोनी. तो टेकेल तेव्हा सगळा तळवाच टेकायचा. सुमनने ती रेघ जशीच्या तशी उचलली होती. तिची ट्रेसिंग कधी चुकत नसे. तुकाराम "ताय, नको!" म्हणून ओरडत धावला, पण तो जिन्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती खाली आली होती.

खुब्याशी हाड मोडलं होतं. पोलिओच्या पायाचं हाड मुळात बारीक, ते धड सांधेना. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जखम चिघळली, परत ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. मला बघून म्हणाली, "आगं, एवड्या कॅसेटी बघितल्या, पर त्यातला एक गडीबी जिना उतरला नाय. सगळे उड्या मारतात नायतर उडतात. माज्या ध्यानातच आलं नाय." हे ती हसत म्हणाली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले.

मॅनेजरसाहेब तिला भेटायला आले त्या दिवशीही मी तिथे होते. त्यांनी संत्री आणली होती. चौकशी करायची ती केली, आणि मग मुद्द्यावर आले. कंपनीचा माल वापरून, परवानगी न घेता फिटरने खाजगी वस्तू बनवली, त्यातून अपघात झाला. तसं सुमनने सांगितलं तर कंपनी तुकारामवर कारवाई करेल आणि सुमनसाठी खाली स्टोअरच्या कोपऱ्यात एक टेबल टाकायचा विचार करेल. ट्रेसिंगचंच टेबल. बरी झाली की बसायला. त्यांनी ते ड्रॉइंगही आणलं होतं, तुकारामच्या कपाटात सापडलेलं.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकटी असतात. कोणी काढलं, कोणी ट्रेस केलं, कोणी तपासलं. आम्हा ट्रेसरची सही कायम दुसऱ्या चौकटीत. त्या कागदावर सुमनने पहिल्या चौकटीत सही केली होती. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने बोट ठेवून दाखवलं.

"हे माजं काम हाय. भंगारातनं वस्तू मी घेतल्या. बसवलंबी मीच."

"तू? पाना धरता येतो तुला?"

"येतो," सुमन म्हणाली. तिला येत नव्हता. साहेबांनाही ते ठाऊक होतं.

"सुमन, नीट विचार कर. तुझं टेबल जाईल."

"मला समजलं, साहेब," ती म्हणाली. तिने तोंड माझ्याकडे वळवलं आणि पाणी मागितलं. मी फुलपात्र तिच्या तोंडाला लावलं. कधी कोणाचा हात न धरणारी सुमन, पण त्या वेळी तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. साहेब उठून निघून गेले. तुकारामची नोकरी राहिली. सुमनचा हिशोब कंपनीने तिच्या घरी पाठवून दिला.

ती पुन्हा उभी राहिली नाही. भिसेगावच्या घरात पुढच्या खोलीत तिची खाट टाकली होती. अनसूयाबाई सकाळी तिचं सगळं करून शेतावर जायच्या आणि दुपारी धापा टाकत तिला कुशीवर वळवायला परत यायच्या. तुकाराम दर रविवारी यायचा. तांदूळ, भाजी, कधी सुकी मासळी. तो खाटेपाशी बसायचा आणि काही बोलायचा नाही. सुमनच त्याला टोमणे मारून बोलतं करायची. "दादा, तुमी काय माजं लोड तपासायला येता का?" म्हणायची. तुकारामला थट्टा कळत नसे. तो गंभीरपणे नाही म्हणायचा.

शेवटची भेट सांगते आणि थांबते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पडून पडून पाठीला झालेल्या जखमा आत गेल्या, ताप आला आणि ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं आटपलं होतं.

त्या रविवारी तुकाराम आणि मी बरोबरच गेलो. रस्त्यात मी त्याला बजावलं होतं की ऑफिसचं काही बोलायचं नाही. सुमन फार वाळली होती, पण केस विंचरलेले होते आणि डोळे तेच. माझ्या पायांकडे एकदा बघून घेतलं तिने. मग इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "वर पत्रा तापतो का गं आजून?"

"तापतो की," मी म्हणाले. "जीव जातो अगदी."

तुकाराम चुळबुळला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण खोटं हा त्या माणसाचा प्रांतच नव्हता. "ऑफिस वर नाय आता, सुमनताय," तो म्हणाला. "खाली आनलं. म्हयना झाला."

"खाली? कुटं?"

"पयलं व्हतं तितंच."

सुमन माझ्याकडे बघत राहिली. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. ड्रॉइंगचे छाप काढायचं नवीन मशीन आलं. लांबलचक, भयंकर जड. जिन्यावरून जाईना. साखळ्या लावून वर ओढायचा प्रयत्न झाला, तर छप्पर ठेंगणं पडलं. मशीन ड्रॉइंग ऑफिसाच्या जवळच हवं. शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, मशीन वर जात नसेल तर ऑफिसच खाली आणा. एका दिवसात सगळी टेबलं खाली आली. स्टोअर मागच्या शेडमध्ये गेलं.

अनसूयाबाई चहा गाळत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं सुमन रडेल. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिने शांतपणे मशीन कुठल्या बाजूला ठेवलंय ते विचारलं. मी म्हणाले, खिडकीच्या बाजूला, भिंतीशी. म्हणजे जुन्या ऑफिसात तिचं टेबल होतं तिथेच, पण ते मी बोलले नाही. ते तिला कळलंच.

तिने तुकारामकडे मान वळवली.

"दादा, जिना चडता येत नाय म्हनून मशीनला पॅकिंगला नाय धाडलं कुनी?"

"नाय," तुकाराम म्हणाला.